अर्थव्यवस्था वाढली, धूर घटला: स्वीडनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, थंडी किती आहे. दुसरा, "तिकडे म्हणे कचराच संपलाय?" दुसऱ्या प्रश्नाच्या मागोमाग मग इतर येतात: पेट्रोलवर एवढा कर लावूनही देश श्रीमंत कसा राहिला, कारखाने पळाले कसे नाहीत, आणि हे आपल्याकडे का होत नाही. बरेचसे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वीडनचं यश खरं आहे. पण ते मुख्यतः घरं गरम ठेवण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलाचं यश आहे. गाड्या, पोलाद, सिमेंट आणि बाहेरून येणारा माल यांचं काम अजून व्हायचं आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

मुळात दावा काय आहे?

१९९० मध्ये स्वीडनच्या हद्दीतून वर्षाला साधारण ७ कोटी १० लाख टन हरितगृह वायू बाहेर पडत होते. २०२३ मध्ये हा आकडा साडेचार कोटी टनांच्या खाली आला, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घट. त्याच काळात महागाई वजा करून मोजलेलं सकल देशांतर्गत उत्पादन ८०-९० टक्क्यांनी वाढलं. लोकसंख्याही ८६ लाखांवरून १ कोटी ५ लाखांच्या घरात गेली. माणसं वाढली, कमाई वाढली, धूर कमी झाला.

हे आकडे देशाच्या सीमेच्या आतले आहेत. विमानं, जहाजं आणि चीनहून येणारे फोन यात धरलेले नाहीत. त्याबद्दल खाली स्वतंत्र प्रश्न आहे, तो वगळून पुढे जाऊ नका.

श्रीमंत झालं की देश आपोआप स्वच्छ होतो, असं नाही का?

शहरातली हवा, नदीचं पाणी याबाबत काही अंशी तसं दिसतं. लोकांकडे पैसा आला की ते काळ्या धुराला कंटाळतात आणि सरकारच्या मागे लागतात. कार्बनचं तसं नाही, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला झोंबत नाही. कॅनडा श्रीमंत आहे, थंड आहे, जंगलं आणि जलविद्युत दोन्ही बाळगून आहे, तरीही त्याचं उत्सर्जन आजही १९९० पेक्षा जास्त आहे. तेव्हा "आपोआप" हा शब्द इथे चालत नाही.

स्वीडनला पर्यावरणाची ओढ कधीपासून लागली?

मासे मरायला लागले तेव्हापासून, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. १९६०च्या दशकात तळ्यांचं पाणी आम्लधर्मी होत चाललं होतं. १९६७ मध्ये स्वान्ते ओडेन या मृदाशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात लिहून दाखवून दिलं की यातलं बरंचसं गंधक ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या चिमण्यांमधून वाऱ्यावर येतं आणि इथे पावसातून पडतं. स्वतःच्या घरात कितीही झाडलोट केली तरी उपयोग नाही, हे लोकांना तेव्हा कळलं. त्याच वर्षी देशाचं पर्यावरण संरक्षण खातं सुरू झालं, १९६९ मध्ये कायदा आला, आणि संयुक्त राष्ट्रांनी पर्यावरणावर परिषद घ्यावी हा आग्रहही स्वीडननेच धरला.

ती परिषद जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला झाली. यजमान पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे आलेल्या एकमेव सरकारप्रमुख इंदिरा गांधी होत्या. गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, हा त्यांचा सवाल आजही प्रत्येक हवामान परिषदेत कोणी ना कोणी विचारतंच.

मग धूर नेमका घटला कुठे?

सर्वांत मोठी घट झाली ती घरांच्या तळघरांत.

१९७० च्या सुमाराला स्वीडनच्या एकूण ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तेलातून येत होता. प्रत्येक इमारतीखाली बॉयलर, शेजारच्या खोलीत तेलाची टाकी, आणि हिवाळाभर टँकरच्या फेऱ्या. १९७३ च्या तेलसंकटात भाव भडकले आणि या देशाची झोप उडाली. सुदैवाने त्याच सुमारास, १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत, सरकारी कार्यक्रमातून दहा लाख घरं बांधून होत होती. वसाहती दाट होत्या, नव्या होत्या, रस्ते तसेही खणलेले होते. त्यामुळे एका मोठ्या केंद्रात पाणी तापवून नळांनी गावभर फिरवायचं, ही पद्धत तिथे झपाट्याने पसरली. आज बहुमजली इमारतींपैकी साधारण ९० टक्के या सामायिक उष्णतेवर चालतात.

मी राहतो त्या इमारतीच्या तळघरात कपाटाएवढा एक संच आहे. जाड आवरणातले दोन नळ रस्त्याखालून आत येतात, एकातून तापलेलं पाणी येतं, दुसऱ्यातून निवलेलं परत जातं. मधल्या पोलादी पत्र्यांमधून फक्त ऊब आमच्या पाण्यात उतरते, पाणी पाण्यात मिसळत नाही. आवाज फ्रीजएवढा. जुन्या तेलटाकीच्या खोलीत आता लोकांच्या सायकली आणि कोणाकोणाचे स्की पडलेले असतात. बाहेर उणे १५ असलं तरी घरात २१ अंश असतात आणि इमारतीवर धुराची एक रेघ नसते.

पाणी तापतं कशावर? आधी तेलावर, मग काही वर्षं कोळशावरही, आणि १९९० नंतर मुख्यतः लाकडाचा चुरा, झाडं तोडल्यावर उरलेल्या फांद्या-शेंडे, घरोघरचा कचरा आणि कारखान्यांची वाया जाणारी उष्णता यांवर. स्टॉकहोममध्ये तर शुद्ध केलेल्या सांडपाण्यातली ऊबही पंपाने काढून घेतात. देशातला शेवटचा कोळशावरचा वीज-उष्णता संच, स्टॉकहोमच्या व्हॅर्ता केंद्रातला, एप्रिल २०२० मध्ये बंद झाला. स्वतंत्र बंगल्यांत उष्णता-पंप आले, जे आपल्या एसीचंच उलट काम करतात. परिणाम असा की घरं आणि दुकानं-कचेऱ्या आपापल्या बॉयलरमधून जो धूर सोडत, तो १९९० च्या मानाने ९० टक्क्यांहून जास्त घटला.

कार्बन कर म्हणजे नक्की काय, आणि तो वसूल कसा करतात?

कल्पना सोपी आहे. एक लिटर हीटिंग ऑइल जाळलं की पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे रसायनशास्त्र आहे, त्यात वाद नाही. म्हणून चिमणीवर मीटर बसवायची गरजच नाही. तेल, कोळसा किंवा गॅस विकणाऱ्या मोजक्या कंपन्यांकडूनच लिटरमागे किंवा टनामागे कर घ्यायचा. पुढे तो भावात उतरतो. तपासनीस कमी लागतात, चोरीला वाव कमी.

१९९१ मध्ये सुरुवात झाली ती टनाला २५० क्रोनांपासून (क्रोना हे स्वीडनचं चलन). आज हा दर तेराशे क्रोनांच्या वर आहे, म्हणजे १०० युरोंहून जास्त. जगातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी हा एक. हीटिंग ऑइलच्या भाषेत सांगायचं तर लिटरमागे पावणेचार क्रोनांहून जास्त फक्त कार्बनचे.

माझ्या मते यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि तिन्ही दराच्या आकड्याहून मोठ्या आहेत.

एक, कर एकटा आला नाही. १९९१ च्या मोठ्या करसुधारणेत उत्पन्नकर भरपूर खाली आणला गेला आणि ऊर्जेवरचा जुना कर निम्मा केला. पगारदार माणसाच्या एका खिशातून गेले तर दुसऱ्या खिशात आले.

दोन, तो हळूहळू वाढला. २००० ते २००४ या काळात दुपटीहून जास्त झाला, पण तोही आधी जाहीर करून आणि पुन्हा उत्पन्नकरात सूट देत. उष्णता केंद्र चालवणाऱ्या नगरपालिकेला आज घेतलेला बॉयलर तीस वर्षं वापरायचा असतो. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने लाकडाच्या चुऱ्यावर चालणारा बॉयलर घेतला.

तीन, पर्याय हाताशी होता. रस्त्याखालचे नळ आधीच टाकलेले होते, केंद्रातलं इंधन तेवढं बदलायचं होतं. लाकडावर हा कर नाही, त्यामुळे एरवी जंगलात कुजणाऱ्या फांद्यांना भाव आला. नळच नसते तर याच कराने नुसती महागाई झाली असती, असं मला वाटतं.

एवढा कर लावल्यावर कारखाने देश सोडून गेले नाहीत?

त्यांच्यावर एवढा कर लावलाच नव्हता. १९९३ मध्ये उद्योगांचा दर सामान्य दराच्या २५ टक्क्यांवर आणला गेला, १९९७ मध्ये ५० टक्क्यांवर नेला, आणि ही सवलत पूर्णपणे संपायला २०१८ उजाडलं. पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण असे बडे धूरवाले तर या करातून बाहेरच आहेत. ते युरोपीय संघाच्या उत्सर्जन परवाना बाजारात मोडतात, जिथे धूर सोडायचा तर तेवढे परवाने लागतात, पण पूर्वी त्यातले बरेचसे फुकट मिळायचे. देशाच्या एकूण उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांच्या आसपासच भागावर कार्बन कर लागतो. "स्वीडनने सगळ्यांवर कर लावला आणि काही बिघडलं नाही" हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे.

१९९२ ची एक युक्ती मात्र जगाने उचलावी अशी आहे. मोठ्या बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर किलोमागे शुल्क घ्यायचं आणि जमलेला पैसा त्याच कारखान्यांना परत वाटायचा, पण धुराच्या प्रमाणात नव्हे, तर त्यांनी तयार केलेल्या उपयोगी ऊर्जेच्या प्रमाणात. जो कमी धुरात जास्त काम काढतो त्याला नफा, जो गचाळ त्याला तोटा. सरकारच्या तिजोरीत जवळजवळ काहीच उरत नाही, त्यामुळे "हा पैसे उकळायचा धंदा आहे" अशी ओरडही झाली नाही.

वीज स्वच्छ आहे ती पवनचक्क्यांमुळे का?

पवनचक्क्या अलीकडच्या. उत्तरेकडच्या नद्यांवरची धरणं जुनी आहेत, आणि १९७२ ते १९८५ दरम्यान बारा अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यामुळे १९९० मध्येच वीज जवळपास कार्बनमुक्त होती. आज सुमारे ४० टक्के पाणी, ३० टक्क्यांच्या आसपास अणू, आणि उरलेल्यातला मोठा वाटा वाऱ्याचा. अणुभट्ट्या आता सहा उरल्या आहेत आणि त्यांवरून इथे कांदेपोह्यांच्या वेळीही भांडण होऊ शकतं.

स्वीडनमधला कचरा संपला आणि आता ते बाहेरून विकत घेतात, हे खरं का?

व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरणारा हा निरोप अर्धा खरा आहे. घरगुती कचऱ्यापैकी एक टक्क्याहूनही कमी जमिनीत पुरला जातो, हे खरं. २००० मध्ये पुरण्यावर कर आला, २००२ मध्ये जळण्याजोगा आणि २००५ मध्ये कुजणारा कचरा पुरायला बंदी झाली. पण राहिलेल्या कचऱ्याचं सोनं होतं असं समजू नका. साधारण निम्मा जाळला जातो आणि त्यातून वीज-उष्णता मिळते. जाळायच्या भट्ट्या जास्त झाल्या, म्हणून नॉर्वे, ब्रिटन वगैरे देशांतून कचरा आणला जातो. आणि तो विकत घेत नाहीत. पाठवणारे देश पैसे देऊन पाठवतात, कारण त्यांच्याकडे पुरण्याचा कर त्याहून महाग पडतो.

या कचऱ्यात प्लास्टिक असतं, आणि प्लास्टिक म्हणजे घट्ट झालेलं तेलच. ते जाळलं की कार्बन निघणारच. २०२० मध्ये जाळण्यावर कर लावून पाहिला, २०२३ च्या सुरुवातीला तो रद्द केला. स्टॉकहोमची उष्णता कंपनी आता लाकडाच्या धुरातला कार्बन पकडून समुद्रतळाखाली साठवायच्या प्रकल्पात पैसे घालते आहे. वर्षाला ८ लाख टनांचं लक्ष्य आहे आणि २०२८ मध्ये सुरुवात व्हायची आहे.

खरोखर नावाजण्यासारखी गोष्ट आहे ती बाटल्या-डब्यांच्या अनामतीची: विकताना थोडे जादा पैसे घ्यायचे आणि रिकामी बाटली आणून दिली की ते परत द्यायचे. ॲल्युमिनियमच्या डब्यांना ही पद्धत १९८४ मध्ये लागू झाली आणि प्लास्टिकच्या बाटल्यांना १९९४ मध्ये. शनिवारी सकाळी कोणत्याही वाणसामानाच्या मोठ्या दुकानात जा. दाराशीच भिंतीत बसवलेलं यंत्र आणि त्यापुढे निळ्या पिशव्या घेतलेली रांग दिसेल. बाटली आडवी सरकवायची, यंत्र ती फिरवून बारकोडची पट्टी वाचतं, चिरडल्याचा आवाज येतो, आकडा वाढतो. शेवटी हिरवं बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती बिलातून वजा. चेपलेला डबा यंत्र थुंकून परत देतं, आणि मागचे आजोबा तो कसा सरळ करायचा हे शिकवतात. विकल्या गेलेल्या डब्या-बाटल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त अशा परत येतात.

महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतही बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या परत घेण्याची रक्कम ठरवून दिली होती. दुकानात परत घेणार कोण आणि साठवणार कुठे, हे न ठरल्याने ती कागदावरच राहिली. गोव्याने २०२४ मध्ये स्वतःची अनामत योजना अधिसूचित केली. स्वीडनचा अनुभव विचाराल तर सगळी मेख त्या यंत्रात आणि दुकानदाराला मिळणाऱ्या हाताळणी शुल्कात आहे.

बाहेरून येणाऱ्या मालाचा धूर मोजला तर चित्र काय दिसतं?

बरंच बदलतं. हद्दीच्या आतला हिशेब धरला तर माणशी वर्षाला चार-साडेचार टन. स्वीडनमधल्या लोकांनी वापरलेल्या सगळ्या मालाचा आणि सेवांचा हिशेब धरला, तो माल कुठेही बनलेला असो, तर साधारण दुप्पट. त्यातला निम्म्याहून जास्त धूर परदेशात निघतो. किराणा शेजाऱ्याच्या वहीवर मांडायचा आणि आमचा घरखर्च बघा कसा कमी झाला म्हणायचं, त्यातला हा थोडा प्रकार आहे. भारताचा दरडोई आकडा तीन टनांच्या आसपास आहे, तोही निर्यातीचा माल धरून.

पण याचा अर्थ सगळं यश खोटं असा काढू नये. लोक घरातली ऊब काही चीनहून आयात करत नाहीत. तिथली घट इथलीच आहे. वापरावर आधारित आकडाही गेल्या पंधरा वर्षांत खाली येत गेला आहे, जरी सावकाश. आणि स्वीडनही पोलाद, कागद, लाकूड बाहेर पाठवतो, ज्याचा धूर त्याच्याच खात्यावर पडतो.

२०२२ मध्ये संसदेतल्या आठही पक्षांच्या समितीने असं सुचवलं की वापराच्या हिशेबावरही राष्ट्रीय लक्ष्य ठेवावं. जगात असं कोणी केलं नव्हतं. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

कार्बन सोडून बाकी पर्यावरणाचं काय?

इथे कौतुक आटोपतं घ्यावं लागतं. १९९९ मध्ये संसदेने पंधरा पर्यावरण उद्दिष्टं ठरवली, पुढे सोळावं जोडलं. स्वच्छ हवा, जिवंत तळी, विषमुक्त परिसर अशी ती आहेत. त्यातलं ओझोन थराचं उद्दिष्ट तेवढं गाठल्यात जमा आहे. बाकी बहुतेक अजून लांब आहेत, आणि हे सरकारी खातं स्वतःच्या अहवालात छापतं. आपल्याकडे असा अहवाल कोणी छापला असता तर त्याची बदली झाली असती, हा भाग वेगळा.

बाल्टिक समुद्राची दशा वाईट आहे. शेतीतलं खत आणि सांडपाणी वर्षानुवर्षं उथळ, बंदिस्त समुद्रात जात राहिलं. शेवाळ माजतं, तळाशी जाऊन कुजतं, प्राणवायू संपतो. पूर्व बाल्टिकमधला कॉड मासा एवढा घटला की २०१९ मध्ये त्याची मासेमारी थांबवावी लागली. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी होड्या विकल्या. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

जंगल हा दुसरा दुखरा भाग. देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग झाडांखाली आहे, पण बराचसा एका वयाच्या, एका-दोन जातींच्या लागवडीचा. तोडतात ती सरसकट. उत्तरेतल्या सामी लोकांच्या रेनडिअरना हिवाळ्यात जुन्या झाडांवरचं लोंबतं दगडफूल लागतं, आणि ते तरुण लागवडीत मिळत नाही. उष्णता केंद्रांतल्या लाकडाला "स्वच्छ" म्हणताना ही बाजू विसरली जाते. शिवाय जंगलांची कार्बन शोषून घेण्याची क्षमता अलीकडे घटली आहे.

वाढ आणि पर्यावरण यांत थेट भांडण झालं तर स्वीडन कोणाची बाजू घेतो?

स्लिटेचं प्रकरण पाहा. गोटलंड बेटावरच्या या गावातल्या एका कारखान्यातून देशाचं सुमारे तीन चतुर्थांश सिमेंट येतं. जुलै २०२१ मध्ये पर्यावरणाच्या वरिष्ठ न्यायालयाने चुनखडी काढायचा नवा परवाना नाकारला, कारण भूजलाला धोका कितपत आहे हे कंपनीने नीट दाखवलं नव्हतं. देशभर घबराट: घरं, पूल, खाणी, सगळं थांबणार. काही महिन्यांत सरकारने खास कायदा संसदेत मंजूर करून घेतला आणि तात्पुरता परवाना दिला. न्यायालय खमकं आहे हे त्यातून दिसलं, आणि सिमेंट अडलं की संसद किती चपळ होते हेही.

किरुना गाव हलवलं ते याच कारणासाठी का?

ते लोखंडासाठी. उत्तर टोकाच्या किरुनाखाली जगातली सर्वांत मोठी भूमिगत लोहखाण आहे. खोदकाम गावाखाली सरकत गेलं तशी जमीन खचू लागली, म्हणून गावाचा मध्यभागच काही किलोमीटर पूर्वेला न्यायचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये ६७२ टनांचं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं चाकांवर चढवून पाच किलोमीटर नेलं, दोन दिवस लागले, आणि लोक टीव्हीवर ते थेट बघत बसले होते.

उत्तरेतल्या खाणींमधलं काही लोखंड लुलेओ शहरातल्या भट्टीत कोळशावर वितळतं. स्वीडनच्या पोलाद कंपनीचा वाटा देशाच्या कार्बन उत्सर्जनात दहा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून २०१६ पासून खाण, पोलाद आणि वीज अशा तीन कंपन्या मिळून कोळशाऐवजी हायड्रोजनने लोहखनिजातला ऑक्सिजन काढायचा प्रयोग करत आहेत. बाहेर पडते ती वाफ. २०२१ मध्ये असं पहिलं पोलाद व्होल्वोला दिलं गेलं. प्रयोग जमला, पण कारखाना उभा राहायला प्रचंड वीज आणि पैसा लागतो. हरित उद्योगाचा दुसरा मानबिंदू, नॉर्थव्होल्ट ही बॅटरी कंपनी, मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा उत्तरेत लगेच सुवर्णयुग येणार असं कोणी सांगितलं तर थोडं थांबा.

सध्या तिथेही गाडी उलटी फिरली आहे, असं ऐकलं?

काही बाबतीत हो. २०२२ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने स्वतंत्र पर्यावरण मंत्रालय उद्योग खात्यात विलीन केलं. इंधनावरचे कर उतरवले. डिझेलमध्ये किती जैवइंधन मिसळायचं याचं बंधन जानेवारी २०२४ मध्ये ३०.५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं. पंपावर भाव उतरला, आणि त्या वर्षी देशाचं उत्सर्जन साधारण ७ टक्क्यांनी चढलं. एवढी वाढ इथे बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. २०४५ पर्यंत निव्वळ शून्याचा, म्हणजे सोडलेला आणि शोषलेला कार्बन सारखा करायचा, कायदा मात्र जागेवर आहे.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. जैवइंधन बरंचसं आयातीचं होतं, महाग होतं, आणि उत्तरेत ज्या माणसाचं सर्वांत जवळचं दुकान ४० किलोमीटरवर आहे त्याला भुयारी रेल्वेचा पर्याय नसतो. तळघरातला बॉयलर नगरपालिका बदलते, गाडी प्रत्येकाला स्वतःच्या पैशाने बदलावी लागते. वर म्हटलं ते अवघड काम हेच.

लोक खरंच इतके जागरूक आहेत का?

आहेत, पण संत नाहीत. ग्रेटा थनबर्गच्या देशात थायलंडच्या सुट्ट्या आजही भरून जातात, आणि २०१८ मध्ये लावलेला विमानकर जुलै २०२५ मध्ये रद्द झाला. स्टॉकहोममध्ये २००६ साली गर्दीच्या वेळी शहरात गाडी आणण्यावर शुल्काचा प्रयोग झाला, तेव्हा आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. वाहतूक पाचव्या हिश्श्याने घटली, रस्ते मोकळे दिसले, आणि मग सार्वमतात शहराने होकार दिला. आधी मन वळवायचं आणि मग नियम करायचा, असा क्रम नेहमी लागत नाही.

पर्यावरण कामगिरीच्या जागतिक क्रमवारीत स्वीडन वर आणि भारत तळाशी असतो. ती कितपत धरायची?

बेताने. येल आणि कोलंबिया विद्यापीठांच्या २०२२ च्या क्रमवारीत भारत १८० पैकी १८० वा होता आणि भारत सरकारने कार्यपद्धतीवर आक्षेप घेतला. कोणत्या गोष्टीला किती गुण, यावर सगळं अवलंबून आहे. दरडोई उत्सर्जनाला वजन दिलं की एक चित्र, हवेतल्या धुळीला दिलं की दुसरं. दिल्ली-चंद्रपूरची हवा वाईट आहे हे सांगायला मात्र क्रमवारी लागत नाही.

महाराष्ट्रात हा कार्बन कर चालेल का?

जसाच्या तसा नाही. आपल्याला घरं तापवायची नाहीत, थंड ठेवायची आहेत, आणि आपला धूर मुख्यतः चंद्रपूर-कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून येतो. स्वीडनने कर लावला तेव्हा त्याची वीज आधीच स्वच्छ होती.

भारताने प्रयत्न केलाच नाही असंही नाही. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. एक टन भारतीय कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं तर हे कार्बनच्या टनामागे अडीचशे-पावणेतीनशे रुपये होतात. स्वीडनचा दर दहा हजार रुपयांच्या वर जातो. २०१७ मध्ये हा पैसा राज्यांना द्यायच्या जीएसटी भरपाईत वळवला गेला, आणि सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत उपकर जाऊन कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. यात एक फरक बारीक आहे पण मोठा आहे: उपकर वजनावर होता, जीएसटी किमतीवर आहे. स्वस्त, राखेने भरलेल्या कोळशाला आता कर कमी लागतो.

पुण्याच्या कारखानदाराने याची काळजी का करावी?

दोन कारणं. दापोडी-चिंचवड पट्ट्यात सँडविक, अल्फा लावल, एसकेएफ या स्वीडिश कंपन्या अनेक दशकं आहेत, आणि त्यांच्या मुख्यालयांतून पुरवठादारांकडे कार्बनचे आकडे मागितले जाऊ लागले आहेत. दुसरं कारण जास्त थेट आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार लागू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असा माल युरोपात उतरवताना त्यामागच्या धुराचे पैसे आयातदाराला भरावे लागतील, आणि तो ते तुमच्या भावातून कापायचा प्रयत्न करणार. वर्षाला ५० टनांहून कमी माल आणणारा आयातदार यातून सुटला आहे. मूळ देशात कार्बनची किंमत आधीच भरलेली असेल तर तेवढी वजा होते.

त्यामुळे पहिलं काम हिशेबाचं. भट्टीत कोणतं इंधन किती गेलं, वीज किती लागली, आणि विकत घेतलेलं पोलाद कोळशावरच्या झोतभट्टीतलं की भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं, हे महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवा आणि पुरवठादाराकडून तसं प्रमाणपत्र मागा. स्वतःचे आकडे नसतील तर युरोप ठरवून दिलेले आकडे लावतो, आणि ते तुमच्या फायद्याचे नसतात.